माती बसेपर्यंत

मी मूळची श्रीरामपूरकडची. बाप माझा मिशनच्या दवाखान्यात माळी, आई तिथंच आया, आन् नवरा मिळाला तो एसटीतला कंडक्टर. हे रिटायर झाले आन् घरात बसून माझे डबे उघडून बघायला लागले, पीठ किती उरलंय, डाळीला कीड लागली का, मी म्हणलं अहो, आता ही तपासणी बंद करा, घर आहे, गाडी नाही. तवा एका रविवारी आमच्या पाळकांनी देवळात सांगितलं, देवळात म्हणजे चर्चमध्ये हो, आम्ही देऊळच म्हणतो, की कलकत्त्याच्या मिशनला म्हातारी जोडपी पाहिजेत, घरोघर जायचं, एकट्या पडलेल्या माणसांपाशी बसायचं, प्रार्थना करायची. पण जोडीनंच यायचं, एकट्याला घेत नाहीत. हे लगेच उभे राहिले, मला विचारलं पण नाही. मी खाली बसून यांचा सदरा ओढतीय आन् हे आपले हात वर करून उभे. मंग मीही उभी राहिले, काय करणार.

आन् आलो इथं कलकत्त्याच्या या बेहाला भागात, तुमच्याच खालच्या मजल्यावर. पहिल्या दिवशी जिन्यात तुमचं मराठी ऐकलं ना, तुम्ही मुलीला रागवत होतात, मला इतकं बरं वाटलं की मी दार उघडून ऐकतच उभी राहिले. तुमच्या मिस्टरांची बँकेची बदली, आमची देवानं केलेली, असं हे म्हणायचे.

रोजचं काय, सकाळी प्रार्थना, मंग माझ्या भाकरी, पीठ गावाकडनं आणलेलं, ते संपल्यावर चपात्या, आन् नऊ वाजता बाहेर. बसमध्ये यांचं निम्मं लक्ष कंडक्टरकडं. बोटांत नोटा कशा धरतोय, सुट्टे कसे वाजवतोय. उतरताना बाई असली की इथले कंडक्टर ड्रायवरला ओरडतात, आस्ते, लेडीज, म्हणजे गाडी नीट थांबव. यांना ते इतकं आवडलं की घरात मी पलंगावरनं उठले तरी हे मागनं ओरडायचे, आस्ते, लेडीज. मी चिडायचे. लई चिडायचे.

ज्यांच्या घरी जायचो ती सगळी आमच्याच वयाची, पोरं परदेशात, दार उघडायलाच पाच मिनिटं लागायची. बालीगंजला एक मासीमा आहेत, मासीमा म्हणजे मावशी, बंगाली ख्रिस्ती, शाळेत शिक्षिका होत्या, आता चाकाच्या खुर्चीत. त्यांच्याकडं दर गुरुवारी. आम्ही जायच्या आधीच टेबलावर दोन ताटल्या तयार, दोन दोन संदेश, ते इथले छेन्याचे पेढे हो, कधी रसगुल्ले. आन् यांना तर साखर, डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. आता इथं कुणी पुढं केलेलं गोड नाही म्हणलं की माणूस मनातनं दुखावतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मंग मासीमांनी मान वळवली की मी यांच्या ताटलीतलं उचलून तोंडात टाकायचे. हे बायबल वाचायचे, मोठ्यानं, पुढचा स्टॉप पुकारल्यासारखं, आन् मी तोंड भरून आमेन म्हणायचे. घरी येऊन आम्ही दोघं हसायचो. माझी मात्र साखर वाढली.

गेले ते अशाच एका सकाळी. पलंगावर बसून मोजे घालत होते. मी स्वयंपाकघरातनं म्हणतीय, आटपा, बस जाईल, आटपा. येऊन बघितलं तर एक मोजा पायात, एक हातात, आन् मान खाली. पुढचं सगळं तुम्हीच केलंत, गाडी बोलावली, दवाखाना, माझ्या पाठीवर हात तुमचाच होता.

आमच्या मुलाचा, विजूचा, पुण्याहून फोन, मम्मी, पप्पांना घरी आण, मी विमानाचं बघतो. गावाकडं कबरस्तानात आमची जागा आहे, यांचे आईवडील तिथं, आमची लहानपणी गेलेली मुलगी तिथं. मी म्हणलं नाही, पप्पा इथंच राहतील. का म्हणलं? कारण मी इथंच राहणार होते. मिशननं आमची इथली मुदत वाढवून दिली होती. मला वाटलं, रोज नाही तरी आठवड्याला जाऊन फुलं ठेवीन, दोन शब्द बोलेन, आन् माझं झालं की मलाही तिथंच ठेवतील. ते ठरवूनच मी यांना कलकत्त्याच्या मातीत दिलं.

आन् मंग मिशनचे भाई आले, इथलं सगळं बघणारे. भला माणूस, डोळ्यांत पाणी. म्हणले, सिस्टर, ही सेवा जोडप्यांची आहे, या वयात तुम्हाला एकटीला इथं ठेवता येणार नाही, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, मुलाकडं जा. मी म्हणलं, भाई, जोडी तुमच्या इथंच पुरलीय, मी अर्धी कुठं जाऊ? नियम तो नियम, त्यांचाही दोष नाही. पण मला राग आला, खरं सांगते, देवाचाही आला.

काल मासीमांकडं निरोप घ्यायला गेले. एकटीच. बसमधनं उतरले तर कंडक्टर ओरडला, आस्ते, लेडीज, आन् मी रस्त्यातच उभी राहिले, मागनं लोक ढकलत होते. वर गेले तर टेबलावर दोन ताटल्या. मला वाटलं म्हातारी विसरली. हळूच म्हणलं, मासीमा, ते गेले ना. तर म्हणल्या, ठाऊक आहे मला, गेले ते. पण दोन्ही ताटल्या तर पहिल्यापासनं तूच खायचीस. आज एकच मांडली असती तर तुला वाटलं असतं, या घरातनं पण ते गेले.

सगळं बघितलं होतं हो त्यांनी, आन् दर गुरुवारी मुद्दाम मान वळवत होत्या. मी रडत रडत चारी संदेश खाल्ले. आमेन म्हणायला वाचणारं कुणी नव्हतं.

आता उद्याची गाडी. बॅगा दोन आणल्या होत्या, दोन्ही नेतीय, एकीत यांचेच कपडे. विजू चांगला आहे, सून चांगली आहे, तिथं मला काही कमी पडणार नाही. फक्त एवढंच, कबरीवर अजून दगड बसवला नाही, नुसता लाकडी क्रूस आहे. कबरस्तानातला माणूस म्हणला, आधी माती बसू द्यावी लागते, एक पावसाळा जावा लागतो, नाहीतर दगड कलतो. तोवर मी इथं नसेन. तुमची पण कधीतरी बदली होईलच, ती होवो, तुमच्या माणसांजवळ होवो, देव तुमचं घर भरलेलं ठेवो. पण त्याच्या आत त्या बाजूला कधी गेलात, तर तेवढं बघा. आन् माती बसली की मला कळवा.