हमरापूरच्या फळ्या

पेणची खोली बंद झाली त्या दिवशी सकाळी पत्र आलं, दुपारी टेम्पो आला आणि दिवेलागणीला पेणचे कागद रोह्याला उतरले. दादा टेम्पोत पुढे बसून आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्यात एका वर्षाचंच अंतर. त्याने पेणच्या खोलीत जुने सरकारी कागद सांभाळले, मी रोह्याच्या खोलीत, आणि घरी जेवतानाही आमचं बोलणं कागदांचंच, आई म्हणायची तुम्हाला पोरं झाली तर रुमालात बांधून ठेवाल. कागदांचे गठ्ठे आम्ही लाल रुमालात बांधतो ना, म्हणून.

मग अनुदान कमी झालं. वरून सांगितलं की दोन्हीकडचे कागद एका खोलीत ठेवा, माणूस एकच ठेवा आणि लोकांसाठी खोली फक्त गुरुवारी उघडा. दादाची नोकरी गेली, तरी तो येत राहिला. पावसाळा संपला की रुमाल सोडून कागदांना गच्चीवर ऊन द्यायची आमची पद्धत, त्याला मजूर लागतात, ते बंद झाले. त्या वर्षी कागदांनी ऊन पाहिलं नाही.

रॅकला पैसे नव्हते. दादाची सासुरवाड हमरापूरची, गणपती करणारी माणसं, त्यांच्या शेडमधल्या जुन्या फळ्या रिकाम्या पडल्या होत्या, त्या त्याने फुकट आणल्या. रंगाचे डाग होते त्यांच्यावर. मांडण्याआधी त्याने त्यांना हळदकुंकू लावलं.

काय सांगू तुम्हाला, शिमग्याच्या सुमारास भिंतीवर मातीची एक रेघ दिसली. पुसली, पुढच्या गुरुवारी ती हातभर वर चढलेली. फळीला कान लावला तर आत बारीक करकर चाललेली. औषध मारणारा आला, म्हणाला, ताई, या फळ्या जाळा, वाळवी यांच्यातूनच आली आहे. दादा म्हणाला, ज्या फळीवर गणपती घडला ती जाळत नाहीत, विसर्जनाला कुंडलिका नदीत सोडू, तोवर राहू दे. औषधाला मंजुरी मागितली, ती पुढच्या वर्षावर गेली. कागद खाली ठेवावेत तर लादीला ओल. राहिले तिथेच.

तेव्हाच हिराबाई येऊ लागली. पेणच्या खाडीकडची, मिठागरात आयुष्य गेलेली बाई. तिच्या खारात, खाडीकाठच्या जमिनीत, कुणीतरी मोजणी करून खुंट्या मारल्या होत्या, ही जमीन तुमची कशावरून, असं विचारत होते. सासऱ्याचं नाव कूळ म्हणून लागलेला कागद तिला हवा होता. दर गुरुवारी गाडीने यायची, दारातच बसायची. गठ्ठे टेम्पोतून उतरले तसे लावलेले, क्रम मोडलेला. मी शोधायची, ती म्हणायची, हळू बग गो बाय, सासरा मेलाय, तो कुठं पलतोय. आणि मग म्हणायची, खुंट्या मात्र घराकडं सरकतात.

दादा म्हणाला, गठ्ठा मीच बांधलाय, मी बघताक्षणी ओळखीन. त्या आठवड्यात तो गेला. छातीत दुखलं म्हणाला आणि पाणी आणेपर्यंत गेला.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी मला तो गठ्ठा सापडला. भिंतीकडच्या फळीवर, अगदी मागे. रुमाल धड होता, वर दादाच्या अक्षरात गावाचं नाव, गाठ त्याची, डावीकडे ओढलेली. हिराबाई उठून उभी राहिली. उचलला तर हलका लागला. गाठ न सोडता मी एक कोपरा उचकला. आतून माती गळली.

हिराबाईने ती बोटांनी चाचपली. म्हणाली, कागद मागाय आली, तर माती दिलीस गो बाय. खारातली तरी माज्याकडं राहते का, बगू.

तिने दोष द्यावा अशी समोर मीच होते. तिने दिला नाही. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, भाऊ गेलेल्या बाईला फिरवतात तसा.

ती अजून येते, नकाशात काही निघतं का ते बघायला. विसर्जन लांब आहे, फळ्या जागेवर आहेत, आणि रेघ छताला पोचली आहे. तो रुमाल मी टेबलावर ठेवला आहे. दादाची गाठ तशीच आहे.