लिपलेला कम्प्युटर

उर्वशी : पाहा, पुन्हा बंद पडला! तिसऱ्यांदा. गेम लावला का दहा मिनिटात पंच्याण्णव डिग्री, अन् खटकन बंद. आबाजी, याले हात लावू नका म्हणून सांगून गेलती ना मी कॉलेजले?

बाबाराव : अवं, मशीनले कोणी हात लावला? मी तं भाईरून कुड लिपला फक्त.

उर्वशी : पण कायले लिपला?

बाबाराव : कायले म्हंजे? तूच म्हणली, आबाजी, तुराट्याचा कुड इणून द्या, त्याच्यात कम्प्युटर ठेवाचा हाय. दोन दिवस बसून इणला. मंग तसाच उघडा ठेवू? शेणमाती लावल्याबिगर कुड होते का पोरी? लोक म्हणतीन, बाबारावनं अर्धंच काम केलं.

उर्वशी : घराची भिंत नाही ना ते! फटी मीच ठेवाले लावल्या होत्या, आत हवा जावी म्हणून.

बाबाराव : तसं नाही सांगतलं तुनं.

उर्वशी : सांगतलं होतं! तुमी हो-हो म्हणत होते अन् सुपारी कातरत होते.

ममता : काय चालू हाय तुमचं? शेजारी आवाज जाऊन राह्यला. आबाजीसंग असं बोलतेत काय वं?

उर्वशी : आई, उद्या दहा वाजता यवतमाळले पर्यावरणाचं प्रदर्शन हाय. सोलरच्या बॅटरीवर एक तास गेम चालला पाहिजे, नाही तं बाद. भंगारातून एक-एक सामान निवडून आणलं. कार्ड जुनं, पंखे जुने, साऱ्याचं मिळून नव्वद वॅट. अन् आता शेणानं जीव घुसमटून राह्यला त्याचा! माह्यं शेवटचं वर्ष हाय. पुढच्या साली कोण बोलावते मले?

ममता : मंग सरळ टिनाचा डब्बा आणाचा होता बजारातून.

उर्वशी : नवाच डब्बा आणला तं पर्यावरणाचं काय राह्यलं त्याच्यात?

ममता : मले तं हेच समजत नाही, गेम खेळाच्या मशीननं पर्यावरणाचं भलं कसं होते.

उर्वशी : भलं नाही होत! नुकसान कमी होते. शंभरदा सांगतलं या घरात, कोणाच्या डोक्यातच घुसत नाही. वर्गातले याले टोपलं म्हणून हासतेत, घरी हे असं. येडी, बह्याड मीच हावो. आण तो हातोडा, फोडूनच टाकते.

बाबाराव : फोडू नको. बोटं पाह्य माह्ये. आता बारीक तुराट्या नाही वाकत या हातानं, तरी वाकवल्या.

उर्वशी : आबाजी, तुमच्यावर नाही चिडली. मले रडूच येऊन राह्यलं.

बाबाराव : रड मंग. पण आधी सांग, हवा जाते कुठून त्याच्यात?

उर्वशी : खालून थंडी जाते, वरून गरम निघते.

बाबाराव : चुलीवानी.

उर्वशी : हो. चुलीवानीच समजा.

बाबाराव : मंग साऱ्या आंगाले फटी कायले पाहिजे? चुलीले चारी बाजूनं भोकं पाडले तं जाळ धरते का? खाली एक तोंड, वर एक धुराडं, झालं. ममता, इळा दे बरं. ओलं हाय तवरच कापतो.

उर्वशी : थांबा, थांबा! आधी मशीन तं भाईर काढू द्या!

(तासाभरानं.)

बाबाराव : किती मिनिटं झाले?

उर्वशी : पंचवीस.

बाबाराव : अन् ताप?

उर्वशी : एकाहत्तर.

बाबाराव : अन् नुसत्या फटी होत्या तवा?

ममता : सांग ना वं.

उर्वशी : अठ्ठ्याहत्तर.

बाबाराव : हं.

उर्वशी : हं काय, हं! मले इचारून लिपलं असतं तं काय बिघडत होतं? जिवाचं पाणी पाणी झालं माह्या. आता उद्या सर इचारतीन, डब्बा असा कसा बनवला, तं मी काय सांगू? तुमीच चाला संग. सकाळच्या गाडीनं.

बाबाराव : येतो. पण मागची बाजू ओली हाय अजून. सुकेपर्यंत हात नको लावू.