राहिलेल्या दिवसांचे पैसे

...नाही, पण मला एक सांगा, सायकल लावणारा माणूसच मेला, तर स्टँडवाल्यानं पासाच्या राहिलेल्या दिवसांचे पैसे परत का नाही द्यायचे? विचारलं मी! शाळेच्या मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, "उदाहरण नीट मांड." हमालाला विचारलं, तो म्हणाला, "बिडी आहे का?" गावच्या सरपंचांना विचारलं, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात कशाला फिरवता? उत्तर द्या ना! आणि तुम्हाला सांगतो, पैशाचा प्रश्न नव्हता हो!

झालं असं, की माझा मोठा भाऊ झुलाल जळगावला डाळमिलमध्ये कामाला. रोज गावातून सायकलीनं पाचोऱ्याला यायचं, स्टेशनजवळच्या स्टँडवर सायकल लावायची, पुढं गाडीनं जळगाव. एक दिवस मिलात पोत्यांची थप्पी कोसळली... भाऊ जीपमधून घरी आला. सायकल स्टँडवरच राहिली. त्या दिवसांत सायकल कोणाच्या ध्यानात राहणार?

दहाव्याला गिरणेच्या काठी पिंड मांडले. कावळे होते, नव्हते असं नाही! समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडे बघत होते, जसे काही आम्हीच त्यांच्याकडे जेवायला आलोय. मी हात जोडून म्हणालो, "भाऊ, वहिनीला अंतर देणार नाही." ढिम्म! "मायचं औषधपाणी चुकवणार नाही." एका कावळ्यानं मान फिरवली, त्याला माझा स्वभाव माहीत असावा. ऊन तापलं, पाहुणे घड्याळं बघायला लागले, माय पदर डोळ्यांना लावून बसलेली, आणि आमचे चुलते उखर्डू आबा एकदम म्हणाले, "अरे भटू, त्यानी सायकल कोठे शे?"

संपलं! सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. झुलालभाऊचा त्या सायकलीवर जीव, आणि ती परक्या गावात उभी! मग कावळा शिवेल कसा? मी कोणाचं ऐकतो का? उठलो, गावातल्या रुपचंदच्या राजदूत फटफटीवर मागं बसलो, ओलं धोतर, डोक्याचा गोटा, पाय अनवाणी... थेट स्टँड!

स्टँडवाला रतिलाल म्हणतो, "बिल्ला?"

"बिल्ला भावाच्या खिशात होता... तो गेला. भाऊपण गेला."

"बिल्ल्याशिवाय सायकल देता येत नाही. पाटी वाच."

आता मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, पाटी काय वाचणार? त्यानंच वाचून दाखवली, तीही मोठ्यानं, "बिल्ला हरवल्यास दंड पडेल. पासाचे पैसे परत मिळणार नाहीत." आता बघा, पैसे परत मागायचं माझ्या मनात तरी होतं का? पाटीनंच डोक्यात घातलं! मी म्हणालो, "का नाही मिळणार? महिना अर्धा राहिलाय, सायकल लावायला माणूस नाही. राहिलेल्या दिवसांचे द्या, त्यातून तुमचा दंड कापा."

"पास परत होत नाही."

"अहो, मालक वारला!"

"मालक वारला तर काय, ते पाटीवर नाही."

तेवढ्यात गाडी आली आणि सगळे पासिंजर सायकली काढायला आले. एक म्हणतो, "द्या हो त्याला, डोकं बघा त्याचं." दुसरा म्हणतो, "असं नाही चालत, वारसाचा दाखला लागतो." तिसरा म्हणतो, "मयत राहू द्या, आधी माझी सायकल काढा!" तिकडं नदीवर माय उन्हात बसलेली, आणि इकडं मी रतिलालची कॉलर धरून उभा! पैशाचा प्रश्न नव्हता हो... भाऊ गेल्यापासून हातात धरायला काहीच येत नव्हतं, ती कॉलर आली.

आणि वरून मी ओरडलो, "मला ओळखत नाही का? माझ्या सायकलीचे कधी पैसे मागितले तू? मागायची हिंमत आहे?" कारण मी पाचोऱ्याला सिनेमाला यायचो तेव्हा सायकल त्याच्या स्टँडवर लोटून द्यायची, मागं न बघता निघायचं, असा माझा थाट! हा कधी हूं की चूं करायचा नाही. मी गावभर सांगायचो, रत्या आपल्याला टरकतो!

रतिलालनं कॉलर सोडवूनसुद्धा घेतली नाही. हळूच म्हणाला, "तुझ्याकडं कशाला मागू? झुलालभाऊ दर महिन्याला दोन सायकलींचा पास काढायचे. म्हणायचे, धाकट्याला बोलू नका, चारचौघांत त्याला फार लागतं."

चारचौघांत! पूर्ण गाडी उभी होती हो तिथं! कॉलर सोडायची म्हटलं तर बोटंच उघडेनात. रुपचंद दुसरीकडं बघत राजदूत पुसायला लागला. रतिलालनं सायकल काढून दिली, दंड मागितला नाही. मागायचा ना! दोन थोबाडीत दिल्या असत्या, तरी मी पावती मागितली नसती.

जीव खाऊन पायडल मारत नदीवर आलो, तर घाट रिकामा. आबा एकटे दगडावर बसलेले. पिंड जागेवर नाहीत.

"आबा, शिवला?"

"तू गया, आन कावळा लगेच उना."

"सायकल न बघताच?"

"आम्ही म्हनं, झुलाल, धाकलानी काळजी करू नको, त्याले आम्ही सांभाळसूत. आमनं बोलनं पुरं व्हयनं नही, तवशी कावळानी झडप मारी!"

घ्या! म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हता, सायकलीचाही नव्हता. प्रश्न तिकडं स्टँडवर कॉलर धरून उभा होता!

आबा म्हणाले, "बस सायकलवर, घर चाल." बसवेना. सीटवर टांग टाकायला पाय उचलेना. मग सायकल हातात धरून निघालो, चिखल आला की उचलून घेतली, घरापर्यंत. भावासाठी शेवटचं काय केलं म्हणाल, तर एवढंच. वाटेत जो तो विचारायचा, "सायकल शे ना रे, मंग पायी काबरं चालना?"

"पंक्चर शे," म्हणालो.

दोन्ही चाकं दगडासारखी टणक होती.