दोन सारखे लॅपटॉप

माझं माहेर मुठा गावचं. तितं अजून भातलावणीला भावकीतली माणसं एकमेकांच्या खाचरात उतरतात. लग्न होऊन मी हितं महाळुंग्याला आले तवा हितंबी भातच होता, तुमी आता खुर्ची टाकून बसलाय ना, तितं आमचं खाचर होतं. निम्मं बिल्डिंगीत गेलं, निम्म्यावर खोल्या बांधल्या, भाडेकरू सगळे कंपनीतले, लातूर-परभणीकडची पोरं, चांगली हायेत बिचारी. काय सांगू तुम्हाला, लग्नात मी गुडघाभर चिखलातली बाई, आन आता लॅपटॉप उघडते. हसू नका, खरं सांगतेय.

शेत गेल्यावर रिकाम्या हातानं बसवंना. हिंजवडीच्या अलीकडं एक शेड हाय, तितं कंपन्यांचे जुने लॅपटॉप येतात, ते दुरुस्त करून परत विकतात, तितं लागले. मी स्क्रीनच्या टेबलावर. आमी स्क्रीन म्हणत न्हाई, पडदा म्हणतो. पयल्यापासनं मला नवल एकाच गोष्टीचं, झाकणावर नावं निराळी, किमती निराळ्या, आन पडदा काढून उलटा केला की पाठीवरच्या कागदावर त्याच दोन-तीन कारखान्यांची नावं. नाववाला पडदा बनवतच न्हाई, तो विकत आणतो. आन त्याच्याहून नवल म्हणजे, एकाच नावाचे, एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप घ्या, एकात ह्या कारखान्याचा पडदा निघंल, दुसऱ्यात त्या. ज्या वेळी जो मिळाला तो बसवला. एक लखलखीत, दुसरा पांढुरका, ताकात पाणी घातल्यागत. खोक्यावर ह्यातलं काय लिहित न्हाईत. पैसे मातुर दोघांकडनं सारखेच घेतात. ह्याला काय म्हणायचं ते तुमीच सांगा, मी बोलले की सुपरवायझर म्हणतो, मावशी, तुमी स्क्रू पिळा.

तर आमचं घर एकत्र, मी थोरली आन सुरेखा धाकटी जाऊ, चूल एकच. सासूबाई गेल्या पण त्यांची शिस्त ऱ्हायली, घरात येणारी वस्तू दोघींना सारखी. लुगडी एकाच ताग्यातली, पातेली एकाच मापाची, पोरींच्या सायकलीबी एकाच रंगाच्या, मग कुटली कुणाची ते वळखायला दोरे बांधायचो. सारखं आणलं की कुणाला बोलायला जागा न्हाई, अशी त्यांची रीत. म्हणून माझी ऋतुजा आन सुरेखाची सायली कॉलेजात गेल्या तवा ह्यांनी एकाच दुकानातनं, एकाच दिवशी, सारखे दोन लॅपटॉप आणले. मी म्हणलं, आता झालं, काळजी मिटली. मलाच कळाया पायजे होतं, माझ्याइतकं कुणाला ठावं होतं? पण घरातली वस्तू म्हणलं की कामावरचं डोकं कामावरच राहतं, बगा.

ऋतुजा कॉमर्सला, तिला नुसते आकडे. सायली घरं सजवायचं शिकतीय, तिचं सगळं रंगावर. तिनं एका दिवाणखान्याचं चित्र केलं, भिंतीला फिका अबोली रंग, लई जीव लावून. कॉलेजात मोठ्या पडद्यावर दाखवलं तर भिंत लालभडक. बाई म्हणल्या, हे घर हाय का तमाशाचा तंबू? वर्ग हसला. पोरगी घरी आली, ऋतुजाच्या लॅपटॉपवर तेच चित्र लावून पायलं, तर तितंबी लालभडक. तिच्या स्वतःच्यावर मातुर अबोली, पांढुरक्या पडद्यावर उठंना म्हणून तिनं रंग गडद करत नेला व्हता.

झालं. सुरेखा भाकरी थापता थापता उठली. म्हणली, आक्का, वस्तू सारखी, पैसा सारखा, मग आमच्या पोरीचीच फिकी कशी? मी सांगाया लागले, अगं, आतला पडदा निराळ्या कारखान्याचा असतो. तर म्हणली, व्हय, ते तुमालाच ठावं, तुमचं कामच ते, चांगला काढून लेकीला घातलात आन टाकाऊ आणून आमाला लावला. अशी म्हणली. माझ्या तोंडावर, परातीशेजारी उभी राहून. भावजी म्हणलं, अगं काय बोलतीस वयनीला. पण बोललेलं परत पोटात जातं व्हय? सांजच्याला तिनं तिच्या खोलीत शेगडी मांडली. दोन घरचं पिठलं एकाच ओसरीवर वास मारायलं.

मी म्हणलं, बाई, आमचा घे. तर म्हणली, भीक नको. ऋतुजा म्हणली, आई, मग पडदे बदल. मी म्हणलं, मी हात लावला तर तिचं बोलणं खरं होईल. मग मला सुचलं. रविवारी दोन्ही लॅपटॉप ओसरीवर ठेवले, स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला, म्हणलं, तू उघड. ती म्हणली, मला कुटं येतंय? मी म्हणलं, मला तरी कुटं येत व्हतं, रोप उपटतीस तसं कर, मुळं तुटू द्यायची न्हाईत.

कारखान्यात पडद्याच्या चौकटीखाली एक चिकटपट्टी लावतात, ती पयल्या वेळी उघडताना चर्रर्र करून सुटते. एकदा सुटली की परत तशी बसत न्हाई, धूळ धरते, कडा वाकते. मी कायबी सांगितलं न्हाई. तिनं सायलीचा उघडला, चर्रर्र झालं, दचकून हात मागं घेतला. म्हणली, मोडला का? मी म्हणलं, न्हाई, पयल्यांदा उघडला. मग ऋतुजाचा. तोबी तसाच चर्रर्र. पट्टीवर बोटाचा ठसा न्हाई, धुळीचा कण न्हाई. ती पट्टीवरनं बोट फिरवत ऱ्हायली. मग दोन्ही पडद्यांच्या पाठी वाचल्या, दोन निराळी नावं. म्हणली, आक्का, मेल्यांनी एका नावाखाली दोन घरं केली की हो. आन रडली, आन मीबी रडले, आन भावजी म्हणलं, आता रडून त्याच्यात पाणी सोडू नका, वॉरंटी तर गेलीच हाय.

पडदे तिनंच बदलले, मी नुसती पट्टी धरली. लखलखीत सायलीला, पांढुरका ऋतुजाला. ऋतुजा म्हणली, माझ्या आकड्यांना काय रंग लागतोय. शेगडी सुरेखानं आपल्या हातानं उचलून माळ्यावर टाकली.

तवापासनं आमी सारखं आणायचं सोडलं. ज्याला जे लागतं ते त्याला. सासूबाई असत्या तर रागावल्या असत्या, पण त्यांच्या वेळी वस्तूच्या आत काय भरलंय ते बाहेरनं कळत व्हतं. परवा सुरेखाला चष्मा लागला, पेपर लांब धरून वाचत व्हती. भावजी दुकानातनं फोन करून विचारतायत, वयनी, तुमच्यासाठी पण घेऊ का, तिला एकटीलाच चष्मा म्हणून वाईट वाटायला नको. मी म्हणलं, मला दिसतंय अजून, तुमी तिला चांगला बगून घ्या. आन काचा कुटल्या कारखान्याच्या ते तिला विचारू द्या, ती आता कुणाला सोडत न्हाई. देव तिची नजर शाबूत ठेवो. मी दिवसभर शेडमधी असते, आमच्या घरातलं बारीक शिवणकाम आता तिच्यावरच हाय.