हुग्गी आणि गोळी

—नाही हो अक्का, झोप तिला चांगली लागते, हाक मारली तरी हलत नाही. सून माझी, संयोगिता. आत नेलीय, डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढतात ना, त्याला. तुमच्याबरोबर कोण? एकट्याच? मघाशी त्या कंपाउंडरशी भांडताना मराठी आलं तुमच्या तोंडून, या कानडी शहरात, म्हणून म्हटलं इथंच बसावं. फिट येते तिला. लपवून नाही हो दिली, माहेरच्यांनी सगळं सांगितलं होतं, तरी आमच्या विराजनं पसंत केली. रोज रात्री गोळी घ्यायची, बास. लग्न झाल्यापासून एकदासुद्धा काही झालं नाही. मग परवाच कसं झालं? तेच तर विचारत होते डॉक्टर.

आता धनुर्मास चाललाय. आमच्यात सूर्य उगवायच्या आत मुगाची हुग्गी, म्हणजे खिचडीच, देवापुढं जायला लागते, आणि ती सुनेनं न्हाऊन करायची — माझ्या सासूनं केली, मी केली, एक साल चुकलं नाही. आणि ही गोळी घेऊन झोपली की उठतेय कुठली? पहिल्याच दिवशी हाका मारून मारून माझा घसा बसला, नैवेद्य दाखवला तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं. शेजारची कौशल्या हसली, म्हणाली, तुमचा देव आता उशिरा जेवतो वाटतं. मला लागलं ते. मग मी म्हटलं — काय म्हटलं? एवढंच, की हा महिना गोळी स्वल्प पुढंमागं कर. बंद कर असं नाही म्हटलं. म्हणजे — गोळ्यांची डबी उचलून मी माझ्या कपाटात ठेवली, ते खरं. ती विसरायची म्हणून हो. नाही, विसरायची नाही. ती कधीच विसरली नव्हती.

परवा शेगडीसमोरच पडली. पातेलं हातावर आलं, कोपरापर्यंत भाजलंय. मी लोखंडाची किल्ली दिली मुठीत, आमच्याकडं तसंच करतात, तर डॉक्टर म्हणाले त्यानं काही होत नाही, कुशीवर वळवायचं. सरी, बरं म्हटलं. झोप कशी आहे म्हणाले, तर तिच्या आधी मीच बोलले — चांगली लागते. पहाटे चारला उठवते ते कुठं सांगितलं मी? मग तिला विचारलं, गोळ्या वेळेवर घेतेस ना. तिनं माझ्याकडं बघितलं. विराज शेजारीच होता, आता कामावर गेला, पीण्या भागातल्या कारखान्यात. मला वाटलं, संपलं, आता सांगणार. आणि ती काय म्हणाली? घेते, रोज घेते. माझी अब्रू राखली हो पोरीनं. आणि मी? पदर सारखा करत बसले. मग डॉक्टर म्हणाले, रोज घेऊनही फिट येते म्हणजे ही गोळी पुरत नाही, आलेख बघून दुसरी देतो, जास्त जोराची.

जोराची गोळी म्हणजे काय असतं हो, अक्का? तुम्ही घेता का? — मग हा हात असा थरथरतो तो त्यानंच? मला वाटलं थंडी वाजतेय तुम्हाला. चोवीस वर्षांची आहे हो ती. शिवण किती बारीक करते, सुईत दोरा एका झटक्यात जातो तिचा — नको, लपवू नका हात, मी नाही बघत.

आली बघा. ये गं, बस इथं. काय फासलंय हे केसांना, डिंकासारखं? दुखलं का? — काय म्हणालीस? — ऐकलंत अक्का, काय म्हणतेय? राहू दे आत्या, म्हणते, उद्या पहाटे न्हायचंच आहे, तेव्हा निघेल.

नाही गं. उद्या तू झोपायचंस.

अक्का, आता डॉक्टरांकडं तुमचा नंबर ना? मला आधी जाऊ द्या, त्यांना एक सांगायचं राहिलंय. पाय घ्या आत. तू नको येऊस, संयोगिता, तू बस. सरका हो जरा.