कासेला लावायचा हात

घरी ‘गुलमंडीत कापड बघायला जाते’ असं सांगून तनुजा छातीतली गाठ तपासून घ्यायला दवाखान्यात आली होती. शेजारी फुलंब्रीकडच्या सासू-सून बसल्या होत्या. सासू, आक्काबाई, नुकतीच आतून छातीची तपासणी करून आली होती.

“दुखलं का, आत्याबाई?”

“नाय गं. पालथं निजवलं अन् छातीखाली तेलाची वाटी. शेळीच्या कासेखाली भांडं धरावं ना, तशी गत!”

“मायक्रोवेव्हच्या लहरी असत्यात म्हणं. चटका नाय बसला?”

“लई बारीक लहरी त्या, कळत बी नाय. औषधानं गाठ किती जिरली ते बघत्यात. तपासणारी बाई म्हणली, मागल्यापेक्षा बारकी झाली.”

“देवच पावला. पर तुमी आधीच इथं आला असता तर?”

“आता काय त्याचं!”

“शेळ्यांच्या कासेला रोज हात लावता. गाठ लागली की त्याच दिवशी डाक्टर आणता. अन् स्वतःची वरीसभर लपवली.”

“शेळीला बोलता येत नाय, सुकेशनी. आपल्यालाच चाचपावं लागतं.”

“तुमाला तर येतं ना बोलता?”

आक्काबाई पदर सारखा करत बसली.

आतून तनुजाचं नाव पुकारलं. “एक मिनिट,” म्हणत तिनं फोन लावला.

“आई, मी गुलमंडीत नाहीये.”