बाळीच्या वजनाचा शॉकअप

टोकावड्याच्या थांब्यावर अंजू एसटीसाठी उभी होती, पण तिचे दोन्ही कान शेजारी हरेशच्या गॅरेजात होते. तिथं धाकलू आणि बाळी या नवरा-बायकोची मोटारसायकलवरून जुंपली होती.

"हरेश, हिचे पाय टेकत नायत रे. अन् उद्यापासून वैशाखऱ्याच्या बालवाडीत कामाला गाडीवर एकटी जानार म्हनते. पडंल."

"पाय माझे आखूड नायत. भाताच्या गोणी न्यायला तुमी मागच्या चाकाचा शॉकअप कडक करून ठेवलाय, म्हनून सीट उंच राहते. सैल कर रे भावा, दोनी बाजू सारख्या."

"आनि गोणी?"

"त्या दिवशी परत कडक करा. मी काय गोणी हाय?"

हरेशनं पाना फिरवला.

"बसा वयनी."

"बघा, टेकले दोनी पाय."

"टेकले गो. वळनावर डोलंल मात्र."

"वळून येते, मंग बोला."

बाळी धाब्यापर्यंत गेली आणि अजिबात न डगमगता वळून परत आली.

"बरं, चल. मी मागं बसतो."

"नको. माझ्या एकटीच्या वजनाला लावलाय, तुमी बसलात तर खाली आपटंल. एसटीनं या."

बाळी एकटीच गाडी घेऊन निघून गेली आणि धाकलू थांब्यावर अंजूच्या मागं येऊन उभा राहिला.

"पोरी, एसटीला टाइम हाय का गो?"

"येईल काका. पण काकींच्या आधी नाय पोचनार."